शिंप्याच्या कोपऱ्यावर बंद पडणारी मी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं, मित्रांनो. म्हातारी म्हटलंत तरी मी ऐकून घेईन. पण भंगार हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. मागे एका गृहस्थांनी तो काढला होता. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर मी सायलेन्सरमधून असा काही ढग सोडला, की ती पँट पुढे त्यांच्या घरी लादी पुसायला गेली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आमची रांगच्या रांग उभी होती आणि तपासनीस एकेकीला किक मारून बघत होता. माझ्या किकवर त्याने नुसता पाय ठेवला, मारलीसुद्धा नाही, तोच मी सुरू झाले. त्याने घाबरून पाय काढला, तरी मी चालूच. शेजारच्या गाड्यांनी माझ्याकडे बघून नाकं मुरडली. खोटं वाटत असेल तर त्या तपासनीसाला विचारा. तो कुठे असतो हे मात्र मला माहीत नाही.

मला घ्यायला आली ती एक उंच, हडकुळी बाई. टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायचं तिचं काम. दुकानदाराने तिच्या मागे बघून विचारलं, गाडी कोण चालवणार? तिने माझ्यावर टांग टाकली, कानशिलावरची पेन्सिल नीट खोचली आणि दुकानाच्या पायऱ्यांवरूनच मला खाली उतरवलं. तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणते. तिचं ऐकून सगळा मोहल्ला आत्या म्हणू लागला, तेव्हा मीही आत्याच म्हणते.

आत्याबरोबर मी काय काय केलं हे सांगायला बसले तर तुमची शाळा सुटेल आणि परत भरेल. माझ्या एका बाजूला शिडी बांधलेली, दुसऱ्या बाजूला तारेची भेंडोळी, मागे हत्यारांची पेटी. वादळ झालं की लोक दारं लावून घेत आणि आम्ही दोघी बाहेर पडत असू. एकदा तर तारांचा मुख्य खांबच आडवा झाला. नवा खांब यायला संध्याकाळ होणार होती. आत्याने मला दोन झाडांच्या मध्ये उभं केलं, तुटलेल्या तारांची टोकं माझ्या हँडलच्या दोन मुठींना बांधली आणि म्हणाली, उभी राहा गुपचूप. मी उभी राहिले. त्या दुपारी अख्ख्या गावाचं बोलणं माझ्या हँडलमधून गेलं. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाचं मोडतंय, कोणता डॉक्टर स्वतःच आजारी आहे, सगळं मला कळलं. मी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. आजही त्या गावातली मोठी माणसं माझ्यापुढून जाताना जरा खाली बघून जातात.

एक गोष्ट मात्र खरीखुरी घडली आणि ती लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे पुढे सगळा घोटाळा झाला. पहिल्याच वर्षी, पेट्रोल भरायला टाकीचं झाकण काढलेलं असताना, झाकणाची किल्ली आत्याच्या हातून निसटून गटारात गेली. कुलूपवालं झाकण किल्लीशिवाय लावायचं म्हणजे परत उघडायची सोय नाही. आत्याने ते झाकण घरी नेऊन खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि टाकीच्या तोंडावर फडकं गुंडाळलेलं लाकडाचं बूच बसवलं. ते धोक्याचंच होतं, तुम्ही तसलं काही करू नका. पण आत्याला कोण सांगणार? नोकरी संपेपर्यंत ती त्या बुचावरच फिरली.

मग तारा जमिनीखाली गेल्या. खांब उखडले गेले. आत्याचा गुडघा शेवटच्या उरलेल्या खांबावरून उतरताना कायमचा अधू झाला आणि किक मारणं संपलं. मला जिन्याखाली ढकललं. पहिलं वर्षभर ती मला रोज पुसायची. मग आठवड्याने. मग घरातल्यांना माझे नवे उपयोग सापडत गेले. माझ्या एका मुठीवर छत्री, दुसरीवर पिशवी. सीटवर रंगाचे डबे, कारण आत्याचा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. माझ्या हेडलाइटची काच निघाली होती, तिथे मांजरीने पिल्लं घातली. पिल्लं माझ्या डोळ्यातून बाहेर डोकावायची, त्यामुळे मला निदान दिसत तरी होतं.

तुम्हाला वाटेल मी तिथे रडत बसले असेन. मुळीच नाही. एकही नट मी ढिला होऊ दिला नाही. गंज आला की मी त्याला म्हणायचे, बस वरवर, आत यायचं काम नाही.

अशी मी जिन्याखाली असताना आत्याची भाची नर्स झाली. रंगाऱ्याची ही एकुलती एक मुलगी, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. म्हणजे कान चांगले आहेत तिचे, पण कोणी 'नको' म्हटलं की ते तिला ऐकू येत नाही. ती लागली तो दवाखाना छोटाच. तिथल्या मेट्रनबाईंना टेकडीवरच्या वस्तीत रोज सकाळी जाऊन येणारी नर्स हवी होती. वस्तीत एक घड्याळजी राहायचा. साखरेच्या आजाराने त्याच्या उजव्या पायाची जखम भरत नव्हती. रोज नीट ड्रेसिंग झालं तर पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणत. ते होणार नसेल तर त्याला दूरच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं, आणि तिथे बहुधा पाऊल काढावंच लागेल. घड्याळजी खाली यायला तयार नव्हता. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली कोण देणार, असा त्याचा सवाल होता. टेकडीवर बस जात नाही. चढ असा, की रिक्षावाले बघूनच हात जोडतात.

मेट्रनबाईंनी विचारलं, स्वतःची गाडी आहे का? भाचीने 'आहे' म्हणून सांगितलं.

ती गाडी म्हणजे मी. माझ्या डोळ्यात तेव्हा मांजराची पिल्लं होती. भाचीकडे लायसन्स होतं, पण ती शिकली होती वॉर्डबॉयच्या नव्याकोऱ्या गाडीवर, जी बटण दाबलं की सुरू होते. किक तिने उभ्या जन्मात मारली नव्हती.

लेकीला काम लागलं म्हणून रंगाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. मी चालू होते की नाही हे बघायच्या आधीच त्याने मला रंगवायला घेतलं. मांजराचं कुटुंब खोक्यात हलवलं, नवी काच बसवली, खिळ्यांच्या डब्यातून माझं मूळ झाकण शोधून काढलं आणि किल्लीवाल्याकडून त्याला नवी किल्ली करून आणली. माझी लेक चिंधीच्या बुचावर फिरणार नाही, म्हणाला. मग टाकीला गडद निळा रंग, एक हात, दोन हात, आणि समाधान होईना म्हणून तिसरा. झाकणही त्यातच. कडेने सोनेरी रेघ. ती रेघ मारताना तो श्वास रोखून धरायचा. खरं सांगते, इतकी देखणी मी कारखान्यातसुद्धा नव्हते. मी मनातल्या मनात हॉर्न वाजवला.

आता ऐका पहिल्या सकाळची मजा. आत्या जिन्याच्या पायरीवर बसली, अधू पाय स्टुलावर ठेवून. भाचीने पदराची पिन लावावी तशी काळजीने हेल्मेटची पट्टी लावली आणि किक मारली. मी गप्प. परत मारली. मी गप्प. दहा-बारा झाल्यावर आत्या म्हणाली, चावी कधी लावायची असते गं हल्ली?

चावी लागली. मी गप्प. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद होता. तो उघडला. मी गप्प. हँडलवरचं लाल बटण 'बंद'वर होतं. ते सरकवलं. मग तिने चोक ओढला, जो थंड इंजिनाला सकाळी लागतोच, पण ओढला तो ढकलायलाच विसरली आणि किका मारत सुटली. माझ्या घशात इतकं पेट्रोल गेलं की मला ठसका लागला. एका किकेला मी उलटा झटका दिला आणि तिची नडगी शेकली. मुद्दाम नाही दिला. बरं, थोडा मुद्दाम दिला. दोन वर्षं नर्सिंग शिकलेल्या मुलीने मला विचारपूस न करता थेट लाथाच घालाव्यात?

"आत्या, तुला माहितीये ना काय चुकतंय ते? मग सांग ना सरळ."

"सांगितलं तर आज चालू होईल. उद्या टेकडीवर मी कुठे असणार आहे सांगायला?"

भाचीने नडगी चोळली आणि खाली बसली. प्लग काढला. तो पेट्रोलने ओला चिंब. पुसला, वाळवला, जुन्या टूथब्रशने घासला. चोक ढकलला. किकचा दांडा आधी हळू दाबत घट्ट लागेपर्यंत नेला आणि मग सगळं वजन टाकलं. मित्रांनो, मी गरजले. जिन्यावरच्या रंगाच्या डब्यांची झाकणं उडाली. शेजाऱ्यांच्या घरातला बंद पंखा माझ्या आवाजाने फिरू लागला असं म्हणतात, म्हणजे मीच म्हणते. रंगारी हातातला ब्रश तसाच धरून बाहेर आला आणि त्याने आनंदाच्या भरात स्वतःच्या गालावर हिरवी रेघ ओढून घेतली.

आम्ही निघालो. गल्ली संपते तिथे कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे. मशीन दाराशीच मांडलेलं, म्हणजे शिवणही होते आणि रस्त्यावर लक्षही राहतं. बरोबर त्या दुकानासमोर माझा आवाज बारीक झाला, मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

शिंप्याने मशीन थांबवलं. "काय सिस्टर, पेशंट दगावला वाटतं?"

आणि मग हे रोजचंच झालं. भाची मला सुरू करायची, मी ऐटीत निघायचे, आणि शिंप्याच्या कोपऱ्यावर माझा जीव जायचा. तिथून पुन्हा सुरू झाले तर पाण्याच्या टाकीपाशी. तिथून सुरू झाले तर चढाच्या तोंडाशी. जाता-येता लोक जमायचे आणि प्रत्येकाकडे औषध तयार. शिंपी म्हणायचा, गाडी डावीकडे कलती करा. ती कलती केली जायची. रंगारी धावत यायचा आणि प्लग पुसायचा. पलीकडचा गॅरेजवाला यायचा आणि नळीला तोंड लावून फुंकायचा. एक जण सीटवर दोन थापा मारायचा. आणि कोणी ना कोणी तरी पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून आत डोकावायचाच. मग किक मारली की मी सुरू. शिंपी म्हणायचा, बघा, कलती केली म्हणून झाली. गॅरेजवाला म्हणायचा, माझी फुंकर. रंगारी म्हणायचा, प्लग. थापा मारणारासुद्धा मिशीला पीळ देऊन निघून जायचा.

आणि मी? मी गुदमरत होते, मित्रांनो. कोणी तरी माझ्या नाकातोंडावर हात दाबून धरावा आणि वर म्हणावं, पळ. मला बोलता येत असतं तर मी त्या सगळ्यांना चार शब्द सुनावले असते. पण बंद पडण्याखेरीज मला दुसरी भाषा नाही. तेव्हा मी ती जोरात बोलत राहिले. लोकांनी नाव ठेवलं, हट्टी गाडी. हो, आहेच हट्टी. जोवर दुखणं कळत नाही तोवर मी शहाण्यासारखी चालणार नव्हते.

भाची उशिरा पोचू लागली. एकदा तर मला चढाच्या तोंडाशी झाडाखाली उभं करून ड्रेसिंगची पेटी खांद्यावर टाकून पायीच वर गेली. घड्याळजीने तिचं स्वागत कसं केलं ते तिनेच घरी सांगितलं. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं, आणि तो खाटेवर पाय लांब करून बसलेला. म्हणाला, यातलं कोणतं घड्याळ मागे करू म्हणजे तू वेळेवर आलीस असं होईल? तिने पट्टी सोडली. जखमेची कड आदल्या दिवशीपेक्षा लाल होती. म्हणजे जखम भरायच्या ऐवजी चिघळत होती. परत येऊन वॉर्डात उभी राहीपर्यंत दुपार झाली. मेट्रनबाई रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, उद्या सकाळी वेळेत पोचलीस तर ठीक. नाहीतर परवा मी त्यांना हलवण्याची व्यवस्था करते, आणि तुझ्या जागी गाडी असलेली दुसरी बघते.

त्या संध्याकाळी गॅरेजवाला घरी आला. इंजिन संपलंय म्हणाला. त्याच्या मेहुण्याला विहिरीवरच्या पंपासाठी असलंच जुनं इंजिन हवं होतं. सकाळी हातगाडी घेऊन येतो, बाकीचं भंगारात घालू. काढला शब्द त्याने. मी थंड होते, धूर सोडायची सोय नव्हती, म्हणून नुसतं त्याच्या चपलेवर तेल गाळलं. मी, जिच्या हँडलमधून अख्खं गाव बोललं, ती आता एका जागी बसून पाणी उपसणार? त्यापेक्षा त्या विहिरीतच उडी घेईन, आणि मेहुण्यालाही बरोबर नेईन.

रंगाऱ्याला मात्र ते पटलं. लेकीला रोज रस्त्यात लोक हसतात हे त्याला सहन होत नव्हतं. तो भाचीला म्हणाला, देऊन टाकू ही. मेट्रनबाईंना सांग, गाडी होती, बिघडली.

"मी त्यांना 'आहे' म्हटलंय, बाबा. 'होती' नाही म्हणणार."

रंगारी आत्याकडे वळला. "ताई, तू तरी समजाव हिला."

"मी कशाला समजावू? मला तिचंच पटतंय," आत्या म्हणाली. मग भाचीकडे बघून जरा दरडावून बोलली, "पण तुझी एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही सगळे मिळून एका दमात पाच उपाय करता. मग कशाने झालं ते कळणार कसं? तारेत बिघाड असला तर मी काय सगळी तार बदलायचे का? मधोमध खांबावर चढायचं आणि ऐकायचं. इथपर्यंत आवाज येतोय ना? मग बिघाड पुढच्या निम्म्यात. येत नाही? मग मागच्या. उद्या तसं कर. एका वेळी एकच. आणि कोणाला हात लावू देऊ नकोस."

सकाळी उजाडताच भाची अंगणात आली. आत्या पायरीवर बसली. मला सुरू केलं आणि या वेळी रस्त्यावर न नेता उभ्याउभ्याच चालू ठेवलं. थोड्या वेळाने मी आचके देऊन बंद पडले. शिंप्याचा कोपरा निर्दोष ठरला. एवढ्यात हातगाडीची चाकं वाजली आणि गॅरेजवाला फाटकातून आत आला. नेहमीप्रमाणे तो झाकणाकडे हात नेणार, तेवढ्यात आत्याने हातातली काठी मध्ये आडवी धरली. तिची उंची अजून कमी झालेली नाही. तो तिथेच थांबला.

भाचीने प्लग काढून बघितला. कोरडा, आणि ठिणगी लख्ख. म्हणजे ठिणगीकडचं निम्मं चांगलं. बिघाड पेट्रोलच्या निम्म्यात. मग तिने इंजिनाकडे जाणारी नळी उपसली आणि खाली काचेची बाटली धरली. कॉक उघडला.

टाकीत पेट्रोल भरपूर होतं, तरी नळीतून आली ती दोऱ्याएवढी धार. दोऱ्याचे थेंब झाले. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. टप. मग बऱ्याच वेळाने टप. मग काहीच नाही.

गॅरेजवाला म्हणाला, नळी तुंबली. रंगारी म्हणाला, टाकीत गाळ असेल. भाची मात्र त्या शेवटच्या थेंबाकडे बघत होती, जसं तिने वॉर्डात कितीतरी खाटांपाशी बघितलं होतं. तिच्या दवाखान्यात अजून काही औषधं काचेच्या बाटल्यांतून देतात. बाटली उलटी टांगायची, नळी लावायची. आणि बाटलीच्या बुचात आणखी एक रिकामी सुई खोचायची, हवा आत जायला. नवख्या मुली ती सुई विसरतात. मग बाटली भरलेली असते आणि थेंब मात्र थांबतात.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "हिला हवेची सुईच नाहीये."

तिने झाकणाला किल्ली लावली आणि ते उघडलं. सुस्स करून मी हवा ओढली. एवढी ओढली, की शिंप्याच्या दुकानातली चिंधी उडून आमच्या अंगणात आली. आणि बाटलीत पेट्रोलची धार धो धो लागली. झाकण परत लावलं, धार बारीक झाली. उघडलं, जोरात आली. एका वेळी एकच गोष्ट. शंका उरली नाही.

तिने झाकण उन्हात धरून बोटाने चाचपलं. प्रत्येक झाकणाला श्वासासाठी एक बारीक भोक असतं, टाचणी जेमतेम जाईल एवढं. माझ्या झाकणाचं भोक तीन हात रंगाखाली गाडलं गेलं होतं. आत्याला ते सुचलं नाही, कारण तिच्या चिंधीच्या बुचातून हवा हवी तेवढी यायची. खऱ्या झाकणावर ती पहिले काही महिनेच फिरली होती, आणि तेव्हा ते भोक उघडं होतं.

सगळ्यांनी एकदम रंगाऱ्याकडे बघितलं. तो बिचारा झाकणाकडे बघत होता. नेमक्या त्याच जागेवरून त्याची सोनेरी रेघ गेली होती, श्वास रोखून मारलेली.

भाचीने पेटीतून सुई काढली, पण तिला ती टोचवेना. आता सांगा, काय करायचं तिने? ती बापाच्या तोंडाकडे बघू लागली.

रंगारी पुढे आला. तिच्या हातातून सुई घेतली, झाकण मांडीवर ठेवलं आणि त्या रेघेत स्वतःच भोक पाडलं. वाळलेल्या रंगाचा बारीकसा टवका फुंकरीने उडवला. "रेघ काय, परत मारता येते," तो म्हणाला. "नीघ तू. उशीर होतोय."

गॅरेजवाला कुरकुरला, की इंजिन आज ना उद्या जाणारच आहे. आत्याने त्याला सांगितलं की आला आहेसच तर रिकामी हातगाडी परत नेऊ नकोस, अंगणातली माती घेऊन जा. तो खरंच घेऊन गेला.

किक एकच लागली. शिंप्याच्या कोपऱ्यावर तो मशीन थांबवून, वाक्य तयार ठेवून बसला होता. ते वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. पाण्याची टाकी गेली. चढाचं तोंड गेलं. चढावर मी अशी काही सुटले की वाटेतले दगड बाजूला सरून उभे राहिले. मधल्या वळणावर एक चर आहे, तो मी उडी मारून ओलांडला. भाची म्हणते त्यावर फळी टाकलेली होती. असेल. मी खाली बघितलं नाही.

घड्याळजी खाटेवर बसून दाराकडे पाठ करून होता. माझा आवाज ऐकून वळला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, आज यातलं एकही खोटं बोलायला तयार नाही. भाचीने पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली आणि वॉर्डात वेळेच्या आधी जाऊन उभी राहिली. मेट्रनबाईंनी दाराबाहेर मान काढून माझ्याकडे नजर टाकली. दुसरी नर्स बघण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आम्ही रोज जात राहिलो. कधी माझा प्लग काळा व्हायचा, कधी थंडीत मी रुसायचे, पण आता भाची मला लाथा घालायच्या आधी विचारायला शिकली होती. वर जखमेची कड आधी गुलाबी झाली, मग आत सरकली, मग एक दिवस पट्टीखाली नुसती कोवळी कातडी निघाली. डॉक्टर म्हणाले, पाय पायाच्या जागी राहणार.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात आणि म्हणतात, आमच्यावर दया करा. मला हात नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. दया तुमच्यापाशीच ठेवा. तुमच्या जिन्याखाली, माळ्यावर, अंगणात कोणी माझ्यासारखं बंद पडून असेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी खाली बसा, एक एक करून बघा, आणि त्याच्या श्वासावर आपणच हात ठेवलेला नाही ना, हे आधी तपासा. एवढं करून नाही चालू झालं, तर मग बोला भंगार. पाहू तुमची पँट कोणत्या रंगाची आहे.

बाकी तुम्हाला वाटेल ते करा, मला आता वेळ नाही. आज घड्याळजी वस्तीवरून खाली आलाय, पायी, स्वतःच्या पायांवर, मला बघायला. माझ्याभोवती एक चक्कर मारली त्याने. टाकीवर बोट फिरवलं, कान लावून माझं इंजिन ऐकावं तसं वाकला आणि भाचीला म्हणाला, बाजूला हो, मी मारतो किक. ती नको म्हणत होती. पण ऐकू न येण्याचा आजार त्यालाही आहे. त्याने उजवं पाऊल उचललं, किकवर ठेवलं आणि सगळं वजन टाकलं.

मी पहिल्याच किकेला सुरू होऊ शकले असते. नाही झाले. डॉक्टरांनी त्याला त्या पायाचा व्यायाम सांगितलाय. अजून चारपाच तरी मारू दे.